कायद्याची माहिती : विनामूल्य, विश्वसनीय आणि अद्ययावत

कायद्याचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही, हे न्यायशास्त्रातील एक सर्वमान्य तत्त्व होय. या तत्त्वाची दुसरी बाजू मात्र फारशी लक्षात घेतली जात नाही. नागरिकाला कायदा माहीत आहे असे गृहीत धरावयाचे, तर तो कायदा त्याला कळू शकेल अशी व्यवस्था करणे हे राज्याचे कर्तव्य ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली 'हरला विरुद्ध राजस्थान राज्य' या प्रकरणात नेमका हाच विचार मांडला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूविषयक एक कायदा केवळ ठरावाद्वारे संमत केला होता. तो राजपत्रात प्रसिद्ध झाला नव्हता आणि जनतेपर्यंत अन्य कोणत्याही मार्गाने पोहोचविण्यात आला नव्हता. त्या कायद्याखाली एका इसमास ५० रुपये दंड झाला. जो कायदा लोकांना कळण्याची सोयच नव्हती, त्याच्या भंगाबद्दल शिक्षा देणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे ठरवून न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली.

आज परिस्थिती पालटली आहे. त्या काळी कायदा मिळत नसे. आता तो इतक्या ठिकाणी आणि इतक्या रूपांत मिळतो, की त्यांतील खरा कोणता, हाच प्रश्न पडावा. महाजालावर अधिनियम, नियम, शासन निर्णय आणि न्यायनिर्णय विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांच्याच शेजारी जुन्या प्रती, अपुरी भाषांतरे, ऐकीव मजकूर आणि क्वचित बनावट आदेशही पसरलेले असतात. ग्रामपंचायत कार्यालयात, शाळेत किंवा तहसील कचेरीत चुकीच्या माहितीच्या आधारे एखादा अर्ज परत केला गेला, तर त्याची किंमत अर्जदाराला मोजावी लागते. कधी त्याची मुदत टळते, तर कधी त्याच्या मुलाचा प्रवेश हुकतो. म्हणून कायद्याची विश्वसनीय माहिती कोठे शोधावी व ती कशी पारखावी, हे ज्ञान केवळ वकिलांपुरते मर्यादित राहून चालणार नाही.

कायदा ही सार्वजनिक संपत्ती

कायद्याच्या मजकुरावर कोणाचीही खासगी मालकी नसते. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये राजपत्रातील मजकूर आणि न्यायालयांचे निर्णय पुनर्मुद्रित करण्यास मुभा देण्यात आली आहे. अपवाद केवळ न्यायालयाने एखाद्या निर्णयाच्या प्रसिद्धीस मनाई केली असल्यास. खासगी प्रकाशकाने निर्णयांना जोडलेली सारटिपणे किंवा भाष्ये यांची गोष्ट वेगळी. त्यांत श्रम व कौशल्य असल्याने प्रकाशकाचा हक्क संभवतो. मूळ निर्णय मात्र सर्वांचा असतो.

हा विचार जगभर मान्यता पावलेला आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने १९९२ साली आपल्या विधि माहिती संस्थेमार्फत कायदे महाजालावर मुक्तपणे उपलब्ध करून देण्यास प्रारंभ केला. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांनी तोच मार्ग स्वीकारला, आणि २००२ साली कॅनडातील माँट्रियल येथे अशा संस्थांनी कायद्याच्या मुक्त उपलब्धतेचा जाहीरनामा संमत केला.

आपल्या देशातही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ ने इलेक्ट्रॉनिक राजपत्राला छापील राजपत्राच्या बरोबरीचे स्थान दिले. केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१५ पासून आपल्या राजपत्राची छपाई थांबवून ते केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करण्याचे ठरविले. याखेरीज माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले नियम, सूचना व निर्णय कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाचे असतात. तेव्हा कायद्याची माहिती विनामूल्य मिळणे ही मेहेरबानी नसून तो नागरिकांचा हक्क आहे.

मूळ स्रोत कोणते?

विहिरीचे पाणी पारखावयाचे, तर आधी झरा पाहावा लागतो. कायद्याच्या बाबतीत असे झरे मोजकेच आहेत.

केंद्रीय अधिनियमांसाठी 'इंडिया कोड' हे शासकीय संकेतस्थळ आहे. त्यावर अधिनियम कलमवार पाहता येतात, आणि अनेक अधिनियमांबरोबर त्यांखालील नियम व अधिसूचनाही जोडलेल्या आढळतात. राज्यांच्या अधिनियमांचाही त्यात समावेश आहे. महाराष्ट्रातील अधिनियमांसाठी राज्याच्या विधि व न्याय विभागाचे संकेतस्थळ पाहावे. नव्याने झालेली दुरुस्ती, अध्यादेश किंवा अधिसूचना यांसाठी केंद्राचे किंवा राज्याचे ई-राजपत्र हाच अंतिम आधार होय. दुरुस्त्या समाविष्ट करून तयार केलेली संकलित प्रत वाचावयास सोयीची असते. परंतु नुकतीच झालेली दुरुस्ती तीत आलीच असेल असे गृहीत धरू नये.

शासन निर्णयांसाठी महाराष्ट्र शासनाचे स्वतंत्र संकेतस्थळ असून तेथे विभाग, दिनांक व विषय यांवरून शोध घेता येतो. शासन निर्णयाच्या अखेरीस त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो, आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याची नोंदही असते. भ्रमणध्वनीवर फिरत आलेल्या एखाद्या 'शासन निर्णया'विषयी शंका आल्यास हा संकेतांक घेऊन मूळ संकेतस्थळावर शोध घ्यावा. तेथे तो सापडला नाही, तर संबंधित विभागाकडून खात्री करून घेतल्याखेरीज त्यावर विसंबून कोणतीही कार्यवाही करू नये.

या साधनांमधील श्रेणीही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. संविधान सर्वांत वर, त्याखाली अधिनियम, अधिनियमाने दिलेल्या अधिकाराखाली केलेले नियम व अधिसूचना, आणि त्यानंतर शासन निर्णय व परिपत्रके. परिपत्रकाने अधिनियमातील उणी जागा भरता येईल, परंतु अधिनियमाने दिलेला हक्क हिरावून घेता येणार नाही. 'असे परिपत्रक आहे' एवढ्या उत्तरावर न थांबता ते कोणत्या अधिनियमाच्या आणि कोणत्या कलमाच्या आधारे निघाले, हे पाहण्याची सवय प्रत्येक कार्यालयात रुजली पाहिजे.

तीन कसोट्या

मजकूर हाती आल्यानंतर तो तीन प्रश्नांच्या कसोटीवर घासून पाहावा. पहिला प्रश्न असा, की तो कोणी प्रसिद्ध केला? संकेतस्थळाच्या पत्त्याच्या अखेरीस 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' ही अक्षरे असणे ही शासकीय स्थळाची प्रमुख खूण होय. नावात 'सरकारी', 'योजना' किंवा 'महाराष्ट्र' असे शब्द असल्याने कोणतेही स्थळ शासकीय ठरत नाही.

दुसरा प्रश्न, तो कोणत्या तारखेचा आहे? या प्रश्नाचे महत्त्व पंचायतीच्या सदस्यांना वेगळे सांगावयास नको. सरपंचाची निवड थेट मतदारांनी करण्याची तरतूद राज्यात २०१७ साली करण्यात आली. २०२० मध्ये ती रद्द होऊन सदस्यांतून निवडीची पूर्वीची पद्धत आली. आणि २०२२ मध्ये थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा करण्यात आली. पाच वर्षांत एकाच विषयावरील कायदा तीनदा बदलला. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर लिहिलेला लेख त्या दिवशी अचूक असेल. दुसऱ्या टप्प्यावर तोच वाचकाची दिशाभूल करील. त्या अधिनियमाचे नावही बदलले आहे. 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८' हा आता 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम' म्हणून ओळखला जातो. जुन्या निर्णयांत जुने नाव आढळले, म्हणून तो निराळा कायदा समजू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तो मजकूर खरोखर अंमलात आहे काय? विधिमंडळाने संमत केलेले प्रत्येक कलम त्याच दिवशी अंमलात येते असे नाही, आणि छापलेले प्रत्येक कलम जिवंत असते असेही नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ हे याचे ठळक उदाहरण होय. ही संहिता १ जुलै २०२४ रोजी अंमलात आली आणि १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा तिने घेतली. तथापि, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळविता पळून जाणाऱ्या वाहनचालकाविषयीचे कलम १०६, पोटकलम (२) हे २३ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने वगळण्यात आले होते. संहितेच्या पुस्तकात ते पोटकलम छापलेले होते. परंतु १ जुलै रोजी ते अंमलात आले नाही. ही गोष्ट संहिता वाचून कळत नाही. त्यासाठी राजपत्रातील अधिसूचना पाहावी लागते. तसेच १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू होते. म्हणजे जुना कायदा निरसित झाला तरी तो निरुपयोगी ठरत नाही. ज्या दिवशी घटना घडली, त्या दिवशी कोणता कायदा अंमलात होता, हे पाहणे महत्त्वाचे असते.

याउलट, कधी कधी कलम पुस्तकात कायम राहते आणि न्यायालयाच्या निर्णयाने ते निष्प्राण झालेले असते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे २०१२ साली समाजमाध्यमावरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, आणि त्यानंतर माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. तरीही त्यानंतर अनेक वर्षे देशात या कलमाखाली गुन्ह्यांची नोंद होत राहिली. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, आणि या अधिनियमाच्या शासकीय वा खासगी प्रकाशनात हे कलम छापले गेल्यास ते घटनाबाह्य ठरल्याचे वाचकांना कळवावे, असे न्यायालयाने बजावले. रद्द झालेल्या कलमाखाली ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांच्यासाठी अद्ययावत माहिती हा केवळ अभ्यासाचा विषय नव्हता.

शिक्षकांच्या नित्य अनुभवातील एक उदाहरणही बोलके आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी ठेवावयाच्या असतात. राज्यात ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या बंधनातून वगळण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरविली. अधिसूचना खरी होती आणि राजपत्रातही आली होती. तथापि, ती हाती धरून जुलैनंतर एखाद्या पालकाला परत पाठविणे सर्वस्वी चुकीचे ठरले असते.

न्यायनिर्णय कसे शोधावेत?

वरील दोन्ही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल, की अधिनियमाच्या वाचनाला न्यायनिर्णयांच्या वाचनाची जोड देणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या अधिकृत निर्णयसंग्रहाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. त्याच वर्षी निर्णयांना तटस्थ संदर्भांक देण्याची पद्धत सुरू झाली. पूर्वी एखाद्या निर्णयाचा उल्लेख खासगी नियतकालिकाच्या खंड व पृष्ठ क्रमांकाने करावा लागे, आणि तो महाग खंड ज्याच्याजवळ असेल त्यालाच तो पडताळता येई. आता वर्ष, न्यायालयाचे संक्षिप्त नाव आणि अनुक्रमांक एवढ्यावर निर्णय सापडू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांनाही असे संदर्भांक देण्यात येतात.

जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रकरणांची स्थिती 'ई-कोर्ट्स' सेवेवर पाहता येते. प्रत्येक प्रकरणास १६ अक्षरांकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो हाताशी असल्यास पुढील तारीख, झालेले आदेश व प्रकरणाचा टप्पा घरबसल्या कळतो. केवळ पुढील तारीख विचारण्यासाठी तालुक्याचे हेलपाटे घालणाऱ्या पक्षकाराला हा क्रमांक जपून ठेवण्यास सांगणे, ही लहानशी परंतु मोलाची मदत होय.

खासगी प्रयत्नांतून उभी राहिलेली काही स्थळेही उपयुक्त आहेत. २००८ साली सुरू झालेले 'इंडियन कानून' हे शोधयंत्र त्यांपैकी एक. शब्दावरून कलम आणि कलमावरून निर्णय शोधण्यास ते सोयीचे पडते. अशा स्थळांचा उपयोग वाट दाखविणाऱ्या फलकासारखा करावा. मुक्कामी पोहोचल्यावर मूळ शासकीय प्रत पाहावी. न्यायालयात सादर करावयाची असेल, तर प्रमाणित प्रतच घ्यावी.

भाषेचा प्रश्न

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण उभी राहते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च व सर्वोच्च न्यायालयांतील कामकाज आणि अधिनियमांची प्राधिकृत संहिता यांसाठी इंग्रजी भाषा ठरविण्यात आली आहे. मात्र १९७३ च्या प्राधिकृत पाठाविषयीच्या केंद्रीय अधिनियमानुसार, राष्ट्रपतींच्या प्राधिकाराखाली प्रसिद्ध झालेला केंद्रीय कायद्याचा मराठी अनुवाद हा त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जातो. १९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने या कामी, तसेच न्यायव्यवहाराची परिभाषा घडविण्याच्या कामी, मोलाचा वाटा उचलला आहे. सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णयही आता मराठी अनुवादात मिळतात. ते पक्षकाराला समजण्यासाठी असून अधिकृत प्रत इंग्रजीच राहते. म्हणून अर्थ मराठीतून समजून घ्यावा, परंतु हक्क बजावण्याची वेळ आली की कोणता पाठ प्राधिकृत आहे, तेही पाहून ठेवावे.

यंत्राचे उत्तर आणि मनुष्याची जबाबदारी

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना कायद्याचे प्रश्न विचारण्याचा प्रघात पडत आहे. ही साधने उत्तर ओघवत्या भाषेत देतात. त्यामुळे त्यांतील चूक चटकन लक्षात येत नाही. २०२३ साली न्यूयॉर्क येथील एका न्यायालयात वकिलांनी अशा साधनाने रचलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले निर्णय सादर केले, आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडेही २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका आयकर प्रकरणात, कर आकारणीच्या आदेशात आधार म्हणून घेतलेले निर्णय अस्तित्वात नसल्याचे आढळले आणि तो आदेश रद्द झाला. आदेशावर स्वाक्षरी यंत्राची नसते, अधिकाऱ्याची असते. यंत्राने सुचविलेले प्रत्येक कलम आणि प्रत्येक निर्णय मूळ स्थळी उघडून पाहिल्याखेरीज कोणत्याही टिप्पणीत वा आदेशात उद्धृत करू नये.

माहिती म्हणजे सल्ला नव्हे

कायद्याची माहिती आणि कायद्याचा सल्ला यांतील भेद विसरता कामा नये. अपिलाची मुदत किती, हे अधिनियमात वाचता येईल. परंतु विशिष्ट प्रकरणात अपील करावे किंवा नाही, हे जाणकारानेच सांगावे. त्यासाठीही विनामूल्य सोय उपलब्ध आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेला अनुच्छेद ३९-अ राज्यावर मोफत कायदेविषयक साहाय्याची जबाबदारी टाकतो. त्यानुसार झालेला विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपद्ग्रस्त आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळते. इतरांना ते विहित उत्पन्नमर्यादेत मिळते. जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आणि तालुका विधि सेवा समिती यांच्याकडे त्यासाठी अर्ज करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. २०१७ साली सुरू झालेल्या 'टेलि-लॉ' योजनेतून गावोगावच्या नागरी सेवा केंद्रांमार्फत वकिलांशी संपर्क साधण्याचीही सोय झाली आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

या सर्व सोयी उपलब्ध असल्या, तरी त्या गावापर्यंत पोहोचतील त्या गावातील सुशिक्षित कार्यकर्त्यांच्या हातून. ग्रामपंचायतीच्या फलकावर मोफत विधि साहाय्याचा क्रमांक कायम लिहिलेला असावा. कार्यालयात वारंवार लागणारे अधिनियम व शासन निर्णय मूळ संकेतस्थळांवरून उतरवून एका नस्तीत ठेवावेत. प्रत्येक प्रतीवर ती कोठून आणि कोणत्या तारखेस घेतली याची नोंद करावी, आणि दर सहा महिन्यांनी ती पडताळून पाहावी. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना एखादे कलम शोधून, त्याची तारीख आणि सद्यःस्थिती तपासण्याचा पाठ शिक्षकांना देता येईल. नागरिकशास्त्राचा याहून अधिक उपयुक्त पाठ क्वचितच सापडेल. आणि एखाद्या अर्जदारास नकार द्यावयाचा झाला, तर कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमान्वये तो देण्यात येत आहे, हे लेखी कळविण्याची प्रथा पाडावी. कलमाचा क्रमांक लिहावा लागला की लिहिणारा तो आधी तपासतो, आणि ज्याला उत्तर मिळाले त्यालाही तो तपासता येतो.

कायदा प्रसिद्ध करणे हे राज्याचे काम. राज्याने ते मोठ्या प्रमाणावर केले आहे. प्रसिद्ध झालेला कायदा खऱ्या आणि आजच्या स्वरूपात शेवटच्या माणसापर्यंत नेणे, हे काम त्या माणसाच्या सर्वांत जवळ असलेल्यांचे आहे.